करंट जातो, परत येत नाही

सावंतवाडीच्या थोरल्या मावशीला दवाखान्यात ठेवलंय, असा फोन २०२४ च्या जुलैत एका सकाळी आला आणि आईनं लगेच पिशवी भरायला घेतली. आईचं वय एक्याऐंशी, मावशीचं शहाऐंशी. दोघींच्या मधली तीन भावंडं आधीच गेलेली. 'घाई नाही, तब्येत बघून कळवतो, मग निघा,' असं मावसभाऊ सांगत होता. पण आईला त्याच्या बोलण्यात वेगळंच काही ऐकू आलं असावं.

आईला एसटीची पायरी चढवत नाही. गुडघे दहा वर्षांपूर्वीच गेले. त्यामुळं आमची जुनी मारुती आठशे हेच तिचे पाय. ही गाडी वडिलांनी १९९९ साली निवृत्तीच्या पैशातून घेतली. त्या काळी टिळकवाडीत आमच्या गल्लीत तीनच गाड्या होत्या. १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली मारुती आठशे रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कारखान्यानं ती बनवायची थांबवली. आमची मात्र थांबली नव्हती. वडील गेल्यावर तिच्या पुढच्या सीटवर आईसाठी एक जाड उशी शिवून घेतली. त्या उशीवर बसून ती पंढरपूर, गोकर्ण, नरसोबाची वाडी सगळीकडं जाऊन आलेली. भाड्याची गाडी मिळत नाही असं नाही. पण उंच गाडीत तिला चढता येत नाही आणि काचा लावलेल्या थंड गाडीत तिला मळमळतं. असो.

आईला पुढं बसवून, सौ. मागं डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन, आम्ही निघालो. बेळगाव–वेंगुर्ला रस्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो सांगायला नको. हिंडलगा मागं पडलं की शहर सुटतं. पुढं बाची हे कर्नाटकातलं शेवटचं गाव आणि शिनोळी हे महाराष्ट्रातलं पहिलं. दुकानांच्या पाट्या कन्नडमधून मराठीत येतात, भाताची खाचरं मात्र तशीच पुढं चालू राहतात. पाटणे फाटा, हलकर्णी फाटा, अडकूर असं करत चंदगड तालुका ओलांडायचा. जुलैत इथं हिरव्या रंगाच्या इतक्या जाती दिसतात की मोजायचं सोडून द्यावं. डोक्यावर इरलं घेतलेली बाई आता क्वचितच दिसते, प्लॅस्टिकचा कागद पांघरलेल्याच जास्त. आई वाटेतल्या प्रत्येक ओढ्याला नमस्कार करत होती. बोलत मात्र काहीच नव्हती.

आंबोलीला नेहमीप्रमाणे चहाला थांबलो. आंबोली म्हणजे पाऊस. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत तिचं नाव घेतात आणि जुलैत ते पटवून द्यावं लागत नाही. ढग रस्त्यावर उतरलेले, समोरच्या टपरीतला दिवा नुसता पिवळा ठिपका. गावापासून जवळच एका गुहेतून हिरण्यकेशी नदी निघते. तिथं देऊळ आहे आणि पुढं कुंड. त्या कुंडात मिळालेल्या लहानशा माशाला २०२० साली शास्त्रज्ञांनी नदीचंच नाव दिलं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एरवी आई तिथं गेल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. त्या दिवशी म्हणाली, 'येताना बघू.'

चहा झाला. गाडीत बसलो. किल्ली फिरवली. 'टक्' असा एक आवाज झाला आणि संपलं.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. दिवे लावून पाहिले, लख्ख. हॉर्न असा जोरात वाजला की टपरीतली माणसं वळून बघायला लागली. म्हणजे बॅटरी उतरलेली नव्हती. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. एवढं तर मला कळत होतंच. पुढचं मात्र काही कळेना. बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकांना हात लावला, घट्ट होती. उगीच एक-दोन वायरी हलवल्या. पाण्यानं चष्मा भरला.

'काय झालं ओ? सेल्फ घेईना काय?' टपरीतून एक जण बाहेर आला. त्याच्यामागून आणखी तिघं. 'बसा तुम्ही, ढकलतो की आम्ही.' आंबोलीत उताराला तोटा नाही. सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला आणि दहा पावलांत गाडी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. त्या चौघांना चहाचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. 'आता खाली जाईपर्यंत बंद करू नका,' एवढंच सांगितलं.

घाट उतरताना अ‍ॅक्सिलेटर एक-दोनदा अडकल्यासारखा वाटला. पाय उचलला तरी इंजिन क्षणभर तसंच गुरगुरत राहायचं. ओल्या चपलेचा दोष असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं ते मला फार लागणार आहे.

मावशीनं आईला ओळखलं. दवाखान्यातल्या त्या अरुंद खाटेवर दोघी एकमेकींचा हात धरून दोन तास बसल्या. बोलणं कसलं, तर लहानपणी मोती तलावाकाठी कोण पडलं होतं आणि मार कोणाला बसला होता याचं. निघताना मावशी म्हणाली, 'मी घरी गेले की चार दिवस राहायला ये. नुसतं बघून जाऊ नकोस.' आईनं 'येते' म्हटलं.

परत येईपर्यंत गाडी मी उतारावरच लावत होतो. बेळगावात आल्यावर तपास सुरू झाला. त्याची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा फारशी नाही. आधी बॅटरीवाला. त्यानं यंत्र लावून सांगितलं, 'बॅटरी बरी आहे.' मला पटलं नाही. तीन वर्षं झाली होती, म्हणून नवीनच घेतली. आठ दिवस गाडी चालली, नवव्या दिवशी कपिलेश्वर मंदिरापाशी पुन्हा टक्. मग सेल्फ. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये सेल्फ उतरवला आणि टेबलावर जाड वायरी लावून फिरवून दाखवला. भोवऱ्यासारखा फिरला. तरी 'कार्बन बदलतो' म्हणून त्यानं बदलले. गाडीत बसवल्यावर दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. मग किल्लीचं स्विच. मग सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड. एकानं टेस्टर लावून सगळीकडं दिवा पेटवून दाखवला. 'बघा सर, करंट सगळीकडं येऊलालाय. वायरिंगमधे कायच नाही.' आणि दिवा खरोखरच पेटत होता. गंमत म्हणजे यातलं एकही काम खोटं नव्हतं आणि एकाही कामाचा उपयोग नव्हता.

पुण्याहून मुलगा फोनवर एकच सांगायचा, 'बाबा, विकून टाका. भंगारात तरी द्या.' आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

इथं एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ती वेगळी आहे असं मी तेव्हा समजत होतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तरुण मेकॅनिक आहे. माझाच विद्यार्थी. दहावीला माझ्याकडं होता, पुढं आयटीआय करून स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. आमच्या गाडीची कामं तोच करायचा. त्या वर्षी मार्चमध्ये क्लच दाबायला जड झाला, म्हणून त्यानं क्लचची वायर बदलली. जूनमध्ये पुन्हा जड. पुन्हा बदलायची म्हणाला. मी वैतागलो. पंचवीस वर्षांत जी वायर दोनदा बदलली, ती तीन महिन्यांत जाते कशी? तो म्हणाला, 'सर, मलाबी कळंना झालंय. आतलं प्लॅस्टिक वितळल्यागत झालंय. बघा तर.' जुनी वायर माझ्यापुढं धरली. मी ती हातात घेतली नाही. 'डुप्लिकेट माल घातला असशील,' असं म्हणालो. चारचौघांत म्हणालो. त्यानं मजुरी न घेता नवी वायर बसवून दिली आणि त्यानंतर मला नमस्कार करायचं सोडलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण व्हॅक्सिन डेपोत सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्यांनाही मी ते रंगवून सांगितलं. त्यातल्या दोघांनी आपल्या गाड्या त्याच्याकडून काढून घेतल्या. सौ.ला हे कळलं तेव्हा ती बरीच रागावली. आमच्याकडं एरवी मराठी चालतं, पण ती मूळची संकेश्वरची. राग आला की कन्नडमध्ये जाते. 'आ हुडुगन म्याल याक सिट्ट माडतीरी? निमगेन गोत्त?' त्या पोरावर का राग काढता, तुम्हाला काय ठाऊक आहे? आई कन्नड बोलत नाही, पण पन्नास वर्षं बेळगावात काढल्यावर समजतं सगळं. तिनं सुनेकडं बघून मान हलवली.

ऑगस्टच्या मध्यावर मावशी घरी आल्याचा फोन आला. आईनं दिवस ठरवला. त्या सकाळी पिशव्या गाडीत ठेवल्या, आईला उशीवर बसवलं, किल्ली फिरवली आणि टक्. गल्लीतल्या पोरांनी ढकलून सुरू करून दिली असती. पण जुलैतली आंबोली मला आठवली आणि मी आईला उतरायला सांगितलं. ती उतरली. जिना चढताना म्हणाली, 'गाडी बरी कर. मी थांबते. पण तिचं काय, ती थांबेल असं नाही.'

त्या संध्याकाळी मेहुण्यांचा संकेश्वरहून फोन आला. 'भावजी, आमच्याकडं एक म्हातारा वायरमन आहे. उसाच्या ट्रॅक्टरची कामं करतो. एकदा दाखवा.' मला काही आशा नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पोरांनी गाडी ढकलून दिली आणि सौ.ला घेऊन निघालो. क्लच तिसऱ्यांदा जड झाला होता. गॅरेजवरून जाताना मी समोर बघत राहिलो.

बेळगाव ते संकेश्वर जेमतेम पन्नास किलोमीटर. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी. हमरस्ता इतका मोठा झालाय की घाट आला कधी आणि गेला कधी कळत नाही. संकेश्वर गाव मात्र अजून ओळख ठेवून आहे. मिरचीचा ठसका, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, शंकरलिंगाचं जुनं देऊळ आणि हिरण्यकेशी. होय, तीच. आंबोलीच्या गुहेतून निघालेली नदी आजरा, गडहिंग्लज करत इथं येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. घटप्रभा गोकाकला उडी घेते आणि शेवटी कृष्णेला जाते. सावंतवाडीजवळचं माहेर सांगणारी माझी आई आणि संकेश्वरची माझी बायको या दोघी एकाच पाण्याच्या, असं आमच्या लग्नात मेहुण्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. तेव्हा ते नुसतं गोड बोलणं वाटलं होतं. आंबोलीत नदी उडी मारून ओलांडावी एवढी असते, इथं भरून चाललेली होती, लाल, रुंद, गप्प.

वायरमनचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक शेड. पुढं दोन ट्रॅक्टर, एक टेंपो. पंचाहत्तरीचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, सगळे त्याला अज्जा म्हणत होते. मी गाडी बंद केली आणि लगेच पुन्हा किल्ली फिरवली. टक्. त्यानं बॉनेटकडं बघितलंसुद्धा नाही. एक डबा पुढं सरकवून मला बसायला सांगितलं आणि विचारलं, 'गाडीगे एनेन माडसीरी?' काय काय करून घेतलंत?

मी यादी सांगितली. बॅटरी, सेल्फ, कार्बन, स्विच, सोलेनॉइड. तो प्रत्येक नावाला मान डोलवत होता. यादी संपली.

'मत्त क्लच वायर,' सौ. म्हणाली. 'एरड सल.'

'ते वेगळं आहे,' मी म्हणालो. 'त्याचा याच्याशी संबंध नाही.'

अज्जाची मान थांबली. 'क्लच वायर? एरड सल?' त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग सौ.कडं, आणि त्यानंतरचं सगळं बोलणं त्यानं तिच्याशीच केलं. अ‍ॅक्सिलेटर अडकतो का, असंही त्यानं विचारलं. तेव्हा ओल्या चपलेची आठवण होऊन माझ्या पोटात खड्डा पडला.

त्यानं मला किल्ली फिरवून पाच सेकंद धरायला सांगितलं. तीन-चारदा. टक्, टक्, टक्. मग हाक मारली, माझा हात मनगटाला धरला आणि इंजिनाच्या बाजूनं केबिनकडं जाणाऱ्या एका काळ्या वायरीवर ठेवला. 'मुट्टि नोड्री.'

मी हात झटकन मागं घेतला. क्लचची वायर तापलेली होती. जिच्यात वीज असायचं काही कारणच नाही, पाय दाबला की ओढली जाणारी नुसती लोखंडी तार, ती इस्त्रीसारखी गरम.

मग त्यानं मीटर काढला. आतापर्यंत सगळ्यांनी मीटर आणि टेस्टर लावले होते, पण गाडी गप्प उभी असताना. यानं मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीला लावलं, दुसरं गिअर बॉक्सच्या उघड्या धातूला, आणि मला किल्ली फिरवायला लावली. तिथं काटा जागचा हलायला नको. फार तर पाव व्होल्ट. मीटरनं सात दाखवले. बॅटरीवर मीटर लावला तर तिथं बारा, जराही खाली येईना. आता मला शाळा आठवायला लागली. सेल्फ खरोखर फिरायला लागला तर बॅटरीचा व्होल्टेज दहाच्या आसपास उतरायला हवा. ती उतरत नाही, म्हणजे तिच्याकडून कोणी काही घेतच नाही. बॅटरी बिचारी भरल्या ताटावर बसून होती.

अज्जानं एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीला, दुसरं गिअर बॉक्सच्या नटाला. 'हां, होडीरी.'

किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सौ.नं हात जोडले. ते अज्जाला की शंकरलिंगाला, ते मी विचारलं नाही.

'करेंट होगतैती, वापस बरंगिल्ला,' अज्जा म्हणाला. करंट जातो, परत येत नाही. दहावीच्या वर्गात तीस वर्षं मी फळ्यावर जे वर्तुळ काढलं, ते एवढंच. बॅटरीतून निघालेल्या विजेला परत बॅटरीत यावं लागतं. वाट पूर्ण नसेल तर काम नाही. गाडीत जायच्या वाटेला वायर असते आणि यायची वाट म्हणजे गाडीचं लोखंडच. त्यालाच मेकॅनिक अर्थिंग म्हणतात. पण इंजिन बसवलेलं असतं रबरावर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या उणे खुंटीतून आमच्या गाडीत दोन फाटे निघतात. एक बारीक, गाडीच्या पत्र्याला. दुसरा जाड, गिअर बॉक्सला. दिवे, हॉर्न पत्र्यावरून परत येतात, म्हणून ते लख्ख. सेल्फ बसतो इंजिनाला. त्याची परतीची वाट तो जाड फाटा, आणि तोच आतून मेलेला.

मेलेला दिसत मात्र नव्हता. वरचं काळं आवरण ठणठणीत, दोन्हीकडचे नट घट्ट. अज्जानं तो काढला आणि टोकाजवळ ब्लेडनं सोलला. आतून हिरवी पूड पडली. तांब्याच्या तारांच्या जुडग्यातल्या चार-पाच तेवढ्या शाबूत. पंचवीस पावसाळ्यांचं पाणी टोकाकडून आत झिरपत गेलेलं. टेस्टरचा दिवा का पेटायचा, तेही आता कळलं. त्या दिव्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. मोठ्या दिव्याच्या एका बल्बाला पाचेक अँपिअर. सेल्फला शंभराच्या आसपास. चार तारांवरून दिव्यापुरती वीज ऐटीत येते. शंभर अँपिअरला ती वाट म्हणजे बंदच.

'सौंदत्तीच्या जत्रेला लोक मोठ्या रस्त्यानं गेले,' अज्जा आता मराठीत, माझ्याकरता सांगत होता, 'आणि येताना रस्ता बंद. मग काय करतील? शेतातनं, बांधावरनं, मिळंल तिकडनं. बांध राहील काय?' गिअर बॉक्सपासून पत्र्यापर्यंत लोखंडाची वाट कोणती? क्लचची वायर. आणि कार्बोरेटरपासून पायाच्या पट्टीपर्यंत अ‍ॅक्सिलेटरची. म्हणजे गेले कित्येक महिने मी किल्ली फिरवत होतो तेव्हा सेल्फची वीज थोडी त्या चार तारांवरून आणि उरलेली क्लचच्या वायरीवरून परत येत होती. गाडी सुरू व्हायची, वायर मात्र आतून वितळायची. ढकलून का सुरू व्हायची, तेही त्यातच आलं. प्लगच्या ठिणगीला थोडकीच वीज लागते.

मग त्यानं विचारलं, 'नवी वायर घातली की काही दिवस गाडी गुणानं सुरू व्हायची का?' मी आठवून पाहिलं. जूनमध्ये त्या पोरानं वायर बदलल्यावर तीन आठवडे सेल्फनं एकदाही त्रास दिला नव्हता. नव्या वायरीतून वीज बरी यायची. माझ्या विद्यार्थ्यानं घातलेली ती 'डुप्लिकेट' वायर आपलं काम सोडून दुसऱ्याचंही काम करत होती, आणि त्यात जळून गेली.

अज्जानं अ‍ॅक्सिलेटरची वायरही ओढून दाखवली. आत खरखरत होती. 'घाटात अडकली असती म्हणजे?' एवढंच तो म्हणाला. मी सौ.कडं बघितलं नाही.

नव्या जाड वायरीचे तीनशे, मजुरीचे दीडशे. दोन्ही टोकांच्या जागा त्यानं कागदानं घासून पांढऱ्या केल्या, नट आवळले, वरून ग्रीस लावलं. क्लच आणि अ‍ॅक्सिलेटरच्या वायरी तिथंच बदलूया म्हणाला. मी म्हणालो, 'नको. त्या बेळगावात बदलायच्या आहेत.' अज्जानं कारण विचारलं नाही, पण सावकाश जायला सांगितलं.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत आणि सेल्फ नुसता टक् करत असेल, तर बॅटरी विकत घेण्याआधी एक जाड वायर बॅटरीच्या उणे टोकावरून इंजिनाच्या उघड्या धातूला लावून बघा. उणेच, अधिक नव्हे. तिथं चुकलात तर ठिणग्या उडतील. गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि वायर पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. येत नसेल तर जाणत्याला करायला सांगा. मी बॅटरी आणि बाकीच्यावर जे पैसे घातले, त्यात आईचा वर्षभराचा औषधांचा खर्च निघाला असता.

बेळगावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडी सरळ गॅरेजपुढं लावली. तो कुणाच्या तरी स्कूटरखाली वाकला होता. उठला, हात पुसले, पण बोलला नाही. मी ती सोललेली वायर त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. शिकवताना सांगायचो तसं नाही, अडखळत. त्यानं बोटानं हिरवी पूड चोळून पाहिली. मग आत गेला आणि खिळ्याला अडकवलेल्या दोन जुन्या क्लच वायरी घेऊन आला. मार्चची आणि जूनची. 'टाकल्या नव्हत्या सर. का वितळल्या ते बघायचं होतं.' तिन्ही त्यानं बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ बघत राहिला. 'अर्थिंग,' तो स्वतःशीच म्हणाला. 'मी बघाय पाहिजे होतं.'

'तू दाखवत होतास,' मी म्हणालो. 'मी हातात घेतली नाही.'

त्यावर तो काही बोलला नाही. दोन्ही वायरी बदलून दिल्या. या खेपेला मजुरी मी मोजून दिली आणि त्यानं मोजून घेतली. दुसऱ्या दिवशी व्हॅक्सिन डेपोत त्या चौघांना सगळी हकिगत सांगितली. दोघांपैकी एक जण त्याच्याकडं परत गेला. दुसरा म्हणाला, 'आता दुसरीकडं लावलीय, बघू.' ते माझ्याच्यानं सुधारलं नाही.

त्या रविवारी आम्ही सावंतवाडीला निघालो. आंबोलीला त्याच टपरीपुढं, सपाट जागेवर, गाडी बंद केली. पाऊस होताच. आईला आधी हिरण्यकेशीला जायचं होतं. पायऱ्यांपर्यंत नेलं, तिथूनच हात जोडले. मग चहा. गाडी ढकलणाऱ्यांपैकी एक जण भजी तळत होता. त्यानं ओळखलं. 'आज ढकलायची काय?'

गाडीत बसलो. मागं सौ. गप्प झाली. आईनं उशी सारखी केली. मी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं.

'फोन लाव तिला,' आई म्हणाली. 'म्हणावं, तासाभरात येतो. भात आत्ताच लावू नको.'